गोठ्यातली गोष्ट

धार काढायची वेळ झाली की मामांच्या गोठ्यात माणसं जमायची. कुणी बोलावलेलं नसे. मामा आंबोणाची पाटी गव्हाणीत ओतायचे, वासराला सोडून दोन-चार लुचके घेऊ द्यायचे, मग त्याला ओढून खुंट्याला बांधायचे आणि दोन्ही गुडघ्यांत चरवी धरून गाईच्या पोटाशी बसायचे. रिकाम्या चरवीत पहिल्या धारा पडतात तेव्हा टणटण आवाज येतो. दूध चढत गेलं की तोच आवाज जाड होतो, फेसात बुडतो. त्या आवाजावर गप्पा चालायच्या. शेजारचे नाना गव्हाणीच्या दगडी काठावर बूड टेकायचे, दूध न्यायला आलेलं एखादं पोरगं चौकटीला रेलून उभं राहायचं. कुणाचा ऊस तुटून गेला, कुणाची सोयरीक मोडली, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं. हीच माणसं ओसरीवर येऊन बसली की अवघडायची, चहा घेऊन दहा मिनिटांत उठायची. गोठ्यात तासभर हलत नसत.

मग मामी आतून ओरडायची, "एका गाईला एवढा वेळ? गोठ्यात गोष्टी सांगायला बसलात का?"

मामीला कल्पना नव्हती, पण त्या एका वाक्यात ती एकच शब्द दोनदा उच्चारत होती.

गोठा आणि गोष्ट हे सख्खे भाऊबहीण आहेत. दोघांचं मूळ संस्कृतातला 'गोष्ठ'. त्याची फोड सोपी आहे: गो म्हणजे गाय आणि 'स्थ' म्हणजे उभं राहण्याची जागा. गाई जिथे उभ्या राहतात ते गोष्ठ. नुसते जोडले तर 'गोस्थ' व्हायला हवं, पण तसं होत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात गो, भूमी, अग्नी अशा काही शब्दांची यादीच देऊन ठेवली आहे: यांच्यानंतर 'स्थ' आला की त्याचा 'ष्ठ' होतो. पुढे प्राकृतात या 'ष्ठ'चा 'ट्ठ' झाला आणि मराठीपर्यंत येताना एकटा 'ठ' उरला. ओष्ठाचा ओठ झाला, काष्ठाची काठी झाली, पृष्ठाची पाठ झाली, अंगुष्ठाचा अंगठा झाला, कोष्ठाचा कोठा झाला. त्याच वाटेने गोष्ठाचा गोठा. गोव्यात त्याला गोठो म्हणतात.

शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं अठ्ठाविसावं सूक्त गाईंचं आहे. त्याची सुरुवातच गाई घरी आल्या, त्यांनी बरं केलं, आता त्यांनी गोष्ठात बसावं आणि आमच्याकडे रमावं, अशी आहे. गंमत बघा: शब्द म्हणतो उभं राहण्याची जागा आणि सूक्त म्हणतं बसा. गुरं पाळणाऱ्याला यात विसंगती वाटणार नाही. बसून रवंथ करणारी गाय म्हणजे पोट भरलेली, दुखणं नसलेली गाय. रात्री कंदील घेऊन गोठ्यात डोकावणारा शेतकरी तेवढंच बघून परत फिरतो, बसलीत ना सगळी?

या शब्दात भिंत नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुंपण नाही, छप्पर नाही, दार नाही. आहे ते फक्त एकत्र उभं राहणं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

आधी गाय कशी नाहीशी झाली ते पाहू. आपण म्हशींचा गोठा म्हणतो, बैलांचा गोठा म्हणतो, शेळ्यांचाही म्हणतो, आणि त्यातला 'गो' कुणाच्या कानाला खटकत नाही. ही विस्मृती आजची नाही, दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पाणिनीच्या एका सूत्रावर कात्यायनाने पुरवणी जोडली आणि पतंजलीने महाभाष्यात तिची चर्चा केली. पुरवणीचा आशय असा: जनावरांच्या नावापुढे त्यांची जागा सांगायची तर 'गोष्ठ' हा प्रत्यय लावावा. उदाहरणं दिली आहेत अविगोष्ठ आणि गोगोष्ठ. अवि म्हणजे मेंढी, म्हणजे अविगोष्ठ हा मेंढ्यांचा 'गाय-ठिय्या'. आणि गोगोष्ठ? गाईंचा गाय-ठिय्या! खुद्द गाईच्या गोठ्याला पुन्हा वेगळा 'गो' जोडावा लागला, इतकी आतली गाय झिजून गेली होती. त्याच पुरवणीत जोडीसाठी 'गोयुग' हा प्रत्यय आहे. उष्ट्रगोयुग म्हणजे उंटांची जोडी, शब्दशः उंटांची बैलजोडी. आणि तेलाचंही उदाहरण तिथेच आहे. तैल म्हणजे तिळाचं ते तैल. पण मोहरीच्या स्नेहालाही तैल म्हणायचं आणि मग तिळाच्या तेलाला तिलतैल. आपण खोबरेल तेल म्हणतो तेव्हा खोबऱ्याच्या डोक्यावर दोनदा तीळ ठेवतो आणि वरून केसांना चोळतो.

मला या जुन्या वैयाकरणांचं कौतुक वाटतं ते यासाठी. आज एखादा पंडित म्हशींच्या गोठ्याला 'अशुद्ध' म्हणेल. पतंजलीला ते अशुद्ध वाटलं नाही. लोक बोलतात ना, मग नियम सांगा.

पाणिनीचं आणखी एक सूत्र पाचव्या अध्यायात आहे आणि ते माझं सगळ्यात आवडतं. गोष्ठ शब्दाला एक खास प्रत्यय लावून 'गौष्ठीन' असा शब्द होतो. अर्थ: जिथे पूर्वी गोठा होता ती जागा. एवढ्यासाठी स्वतंत्र सूत्र! पण गुराखी लोकांच्या देशात त्याची गरज होती. कळप हलला, गाव हललं, मागे उरली ती शेणामुताने काळी पडलेली, खताने माजलेली जमीन. तिला नाव हवं होतं. शेतकऱ्याला अशी जमीन आजही लांबून कळते. पहिला पाऊस पडला की तिथलं तण चारी बाजूंच्या दुप्पट उंच असतं.

अशा गौष्ठीन जागा दख्खनच्या पठारावर खरोखरच सापडल्या आहेत, आणि त्याही पाणिनीच्या दोन हजार वर्षं आधीच्या. कर्नाटकातले बळ्ळारी, रायचूर हे जिल्हे आणि लगतचा तेलंगण-आंध्रचा पट्टा इथे राखेच्या टेकड्या आहेत. काही टेकड्या घराएवढ्या उंच. लोक त्यांना राक्षसाच्या हाडांची राख समजत. इंग्रज अधिकाऱ्यांनी जुन्या भट्ट्या म्हणून पाहिलं, ज्वालामुखी म्हणून पाहिलं. ही जळालेल्या शेणाची राख असावी असं रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं, पण वाद मिटला नव्हता. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी उतनूर इथली टेकडी खोदली. हे उतनूर महबूबनगर भागातलं, कृष्णेच्या खोऱ्यातलं. आदिलाबादचं उतनूर वेगळं. खणताना राखेच्या थरांत खांबांची भोकं निघाली, एका रेषेत, कुंपणासारखी. आणि थरांवर गुरांच्या खुरांचे ठसे निघाले. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात लोकांनी इथे खांब रोवून गुरं कोंडली होती, शेण साचत गेलं, ते पेटवलं गेलं, वर पुन्हा कुंपण उभं राहिलं, पुन्हा शेण, पुन्हा आग. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी कर्नाटकातल्या बुदिहाळ इथे असंच स्थळ अनेक वर्षं खोदलं, तेव्हा गुरांच्या आवाराला लागून माणसांची वस्तीही मिळाली. उतनूरच्या त्या थरांत पाय रुतवून गेलेली गाय कुठली होती, कुणाची होती, काही कळायचा मार्ग नाही. खुराच्या दोन फाका मात्र शाबूत आहेत.

आता गोष्टीकडे वळू.

गुरं एकत्र उभी राहतात तिथे राखणारेही एकत्र बसतात. मामांच्या गोठ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोष्ठात जमणाऱ्यांची ती 'गोष्ठी'. आधी अर्थ नुसता जमाव, मंडळ. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत 'बोधगोठी' असा उल्लेख आहे, म्हणजे बौद्ध उपासकांचं मंडळ, आजच्या भाषेत वर्गणी काढणारी समिती. 'ष्ठ'चा 'ठ' झालेला तिथे दगडावर वाचता येतो. तिथून शब्द शहरात शिरला. कामसूत्रात वात्स्यायन नागरकाचा, म्हणजे पैसा आणि फुरसत दोन्ही असलेल्या शहरी रसिकाचा, दिनक्रम सांगतो, त्यात गोष्ठी हा नियमित कार्यक्रम आहे. समान वयाची, समान आवडीची माणसं एकत्र येऊन काव्याची, कलांची चर्चा करतात. वात्स्यायन तिथे एक व्यवहारी सल्ला देतो: गोष्ठीत कथा सांगताना निव्वळ संस्कृतही बोलू नये आणि निव्वळ देशी भाषाही बोलू नये, दोन्हींचा मेळ घालणारा लोकांना आवडतो. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही साहित्यिक अड्ड्यावर आज इंग्रजी-मराठीबद्दल हाच सल्ला देता येईल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की त्या एका श्लोकात कथा आणि गोष्ठी शेजारी शेजारी आल्या आहेत. गोष्ठी ही जागा आणि कथा हा तिथला माल. मराठीत पुढे काय झालं? मालालाच जागेचं नाव मिळालं.

शके १२१२ च्या, म्हणजे इसवी सन १२९० च्या ज्ञानेश्वरीत 'गोठी' हा शब्द बोलणं, कथन, मुद्दा या अर्थाने येतो. प्राकृताच्या वाटेने आलेलं हे घरगुती रूप. संस्कृताच्या वाऱ्याला बसलेलं 'गोष्टी' हे रूपही मराठीत चालत होतं, आणि टिकलं ते तेच. त्यातला 'ष' पंडितांनी राखला, 'ठ'चा 'ट' लोकांनी केला. असे अर्धे पंडित अर्धे गावकरी शब्द मराठीला फार मानवतात. म्हणून गोठा आणि गोष्ट आज एकमेकांना ओळखत नाहीत. एक शेणाने सारवला जातो आणि दुसरी पाठ्यपुस्तकात छापली जाते.

मराठीने गोष्टीला जेवढं राबवलं तेवढं दुसऱ्या कुणी राबवलं नसेल. आजी सांगते ती गोष्ट. 'एक गोष्ट विचारू का' मध्ये ती प्रश्न आहे. 'लाजिरवाणी गोष्ट' मध्ये घटना आहे. 'घरात हव्या त्या गोष्टी आहेत' म्हटलं तर ती मिक्सर आणि फ्रिज आहे. 'ती गोष्ट वेगळी' म्हटल्यावर तर ती काहीच नाही, नुसतं हात झटकणं आहे. गाईच्या उभं राहण्याच्या जागेपासून जगातल्या यच्चयावत वस्तूंपर्यंत एक शब्द चालत आला.

शेजारच्या भाषांनी तोच वारसा वेगळा वाटून घेतला. सिंधीत गोठ म्हणजे गाव. कराचीत सोहराब गोठ नावाची मोठी वस्ती आहे, तिथे ट्रक आणि बसगाड्यांची गर्दी असते. गुजरातीत गोठियो म्हणजे जिवाभावाचा मित्र, गोष्ठीतला सोबती. राजस्थानात गोठ म्हणजे मित्रमंडळींची मेजवानी, आपल्या हुरडा पार्टीसारखी. बंगालीत गोष्ठी म्हणजे कुळ, गट, टोळी. हिंदीत गोष्ठी म्हणजे परिसंवाद, तोही बहुधा सरकारी, मंचावर फुलदाणी आणि मागे बॅनर असलेला. नेपाळी आणि कुमाऊँनीत मात्र गोठ अजून गुरांकडेच आहे. कुमाऊँच्या जुन्या घरांत खालचा मजला म्हणजे गोठ. वर माणसं झोपतात आणि हिवाळ्यात खालून जनावरांची ऊब येते. गाव, मित्र, जेवण, कुळ, चर्चा, ऊब. एका कळपाभोवती माणसं काय काय करतात याची यादी करायची तर अशीच होईल.

गोष्ठाच्या नात्यातला आणखी एक शब्द आपल्या गावांच्या वेशीवर आहे: गोठण. गावची गुरं सकाळी रानात जाण्याआधी जिथे गोळा होतात, किंवा दुपारच्या उन्हात झाडाखाली बसतात, ती जागा. ही खासगी नव्हे, साऱ्या गावाची. राजापूर तालुक्यातल्या गोठणे दोनिवडेच्या आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या नावात ती ऐकू येते. विदर्भात त्याच जागेला आखर म्हणतात. छत्तीसगडमध्ये गौठान म्हणतात, आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारने गोधन न्याय योजना काढून याच गौठानांवर दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हा खेडवळ शब्द दिल्लीच्या वर्तमानपत्रांत पोचला. गोठण आणि गावठाण यांची मात्र गल्लत करू नये. गावठाण म्हणजे गावाचं स्थान, घरं बांधायची जमीन. तलाठ्याच्या दप्तरातला शब्द. त्यात गाय नाही.

जनावरं राखण्याचे आपले इतर शब्द गोठ्यासारखे नाहीत. काहींचं मूळ कुंपणात आहे, काहींचं दोरात.

कुंपणाचा शब्द म्हणजे वाडा. संस्कृत 'वाट' म्हणजे वेढलेली जागा. 'ट'चा 'ड' होऊन वाड, वाडा, वाडी. (चालायची मराठी वाट निराळी, ती 'वर्त्म' पासून आली.) कोकणात आजही गुरांचा वाडा म्हणतात. पुण्यात १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने ज्याचा पाया घातला त्या शनिवारवाड्यातही तोच वाडा आहे. मेंढरांच्या कुंपणाचा शब्द पेशव्यांच्या हवेलीला लागला यात कुणाचा अपमान नाही. दोन्हीकडे मुद्दा एकच: आतलं आपलं, बाहेरचं परकं.

वाड्याचं मूळ रूप पाहायचं असेल तर हवेली नको, धनगर गाठावा. माण, फलटणकडचे मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या फिरत्या तळालाच वाडा म्हणतात: चार-सहा बिऱ्हाडं, घोडी, कुत्री आणि मेंढरं. संध्याकाळी शेतात खुंट्या ठोकायच्या आणि त्यांभोवती जाळं ताणायचं, की झाला मुक्काम. या जाळ्याचं नाव वाघर, काही ठिकाणी वाघूर. ऐकणाऱ्याला वाटतं, वाघापासून राखते म्हणून वाघर. तसं नाही. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे हरणं पकडायचं जाळं, आणि वागुरिक म्हणजे ते लावणारा पारधी. शिकाऱ्याचं जाळं मेंढपाळाच्या हाती आलं आणि त्याने ते उलटं वापरलं. पारध्याच्या जाळ्यात जनावर अडकून मरायचं, धनगराच्या जाळ्यात ते रात्रभर जगतं.

एकदा रात्री मी असा वाडा जवळून पाहिला आहे. वाघर कमरेएवढीच उंच असते, मेंढराने ठरवलं तर ते उडी मारून जाईल. जात नाही. आत तीन-चारशे मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर हनुवट्या टेकून बसल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच श्वास ऐकू येत होता, जात्याच्या घरघरीसारखा. शेताचा मालक कडेला उभा राहून हिशोब करत होता. मेंढरं रात्री बसवली की लेंडीखत आणि मूत रानातच पडतं, म्हणून तो धनगराला धान्य किंवा पैसे देतो. दुसऱ्या दिवशी वाघर दहा पावलं सरकते. एक एक तुकडा असा खतावत जातो.

वाड्याला 'कोंड' जोडलं की कोंडवाडा. हा शब्द कानावर पडला की गुन्हा आणि दंड आठवतो, कारण त्याच्या मागे कायदा आहे. १८७१ चा पहिलाच अधिनियम गुरांच्या आगळिकीचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवावं. न सोडवलं तर लिलाव. गावोगाव दगडी कोंडवाडे उभे राहिले. आमच्याकडच्या कोंडवाड्याला छप्पर नव्हतं, एक बाभूळ होती आणि तिच्याखाली बारा महिने कुणाचं ना कुणाचं तरी रेडकू हंबरत असे. दया पवारांनी १९७४ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिलं, तेव्हा मराठी वाचकाला टीप द्यावी लागली नाही. आत घातलेल्याने काय गुन्हा केला हे न विचारता त्याला आत घालणारी जागा सगळ्यांनी पाहिलेली होती.

दोराचे शब्द तबेला आणि दावण. तबेला अरबी-फारसीकडून आला. अरबीत 'तवील' म्हणजे लांब. घोडे ओळीने बांधायचा लांब दोर तो तवीला, मग त्या दोराला बांधलेली रांग, मग ती रांग जिथे असते ती इमारत. मुंबईत घोडे कमी झाले आणि शब्द म्हशींकडे गेला. शहरातले म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली, तरी जोगेश्वरीकडच्या गल्ल्यांत तबेल्याचा वास बरीच वर्षं पत्ता सांगायच्या कामी येत असे. लष्करी घोड्यांची ती पागा, फारसी 'पायगाह'. हैदराबादचे पायगा घराण्यातले अमीर त्याच शब्दाचे. मराठ्यांच्या फौजेत पागेचा, म्हणजे सरकारी घोडा वापरणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा तोरा मराठीत अजून आहे, बारगीर मात्र इतिहासाच्या पुस्तकापुरता उरला.

दावण आपली. संस्कृत 'दामन्' म्हणजे दोर. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसं दामाचं दावं झालं. यशोदेने पोटाला दावं बांधलं म्हणून कृष्ण दामोदर. लांब दोराला फासे करून ओळीने जनावरं बांधली की ती दावण. तबेल्याचा अरबी प्रवास आणि दावणीचा मराठी प्रवास तंतोतंत एकच: दोर, मग रांग, मग जागा. दोघांची ओळखही नव्हती. पण दावणीने मराठीला दिले ते बांधलेपणाचे वाक्प्रचार. एखादा पुढारी कुणाच्या दावणीला बांधला जातो. दुष्काळात छावणी नको, दावणीला चारा द्या, अशी मागणी होते, म्हणजे जनावर घरीच राहू द्या. या शब्दांत कुणी गप्पा मारत नाही. दोराला बांधलेल्याने मालकाचं ऐकायचं असतं.

गोठ्याच्या कुळातला एक शब्द मात्र कुंपणाकडे वळला. गोत्र. ऋग्वेदात त्याचा अर्थ गाई राखायची बंदिस्त जागा. इंद्राला गोत्रभिद् म्हणतात, गोत्रं फोडणारा, शत्रूने कोंडलेल्या गाई सोडवणारा. एका आवारात ज्यांच्या गाई, ते एका कुळाचे. मग आवार गेलं, गाई गेल्या, कुळ उरलं. लग्न जमवताना गोत्र विचारणारे काका खरं तर विचारत असतात, तुमची गुरं कोणाच्या वाड्यात बांधायची? माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं लग्न सगोत्र म्हणून अडलं होतं. दोघांच्याही घरी चार पिढ्यांत गाय नव्हती.

मामांचा गोठा आता बदलला आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये काढलेल्या योजनेत दोन ते सहा गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये ठरले होते. मापंही ठरलेली होती: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, आणि गोमूत्र साठवायला २५० लिटरची टाकी. त्या कोरड्या शासन निर्णयात 'गव्हाण' हा शब्द जसाच्या तसा आला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. मामेभावाने त्याच्याही पुढे जाऊन मळ्यात मुक्त गोठा केला. चारी बाजूंनी कुंपण, अर्ध्या भागावर पत्रा, अर्धा उघडा, आणि गाई मोकळ्या. दावं नाही. हव्या तेव्हा त्या पाणी पितात, हव्या तेव्हा सावलीला जातात. दूध मशीनने निघतं, त्यामुळे चरवीचा आवाज गेला. डेअरीचे लोक याला आधुनिक पद्धत म्हणतात. उतनूरच्या खांबांची भोकं आठवली की हसू येतं.

घरामागचा जुना गोठा तेवढा रिकामा राहिला. गव्हाण फोडून टाकली, खाली कोबा केला. भिंतीत दोन खुंट्यांची भोकं अजून आहेत. परवा गेलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस सुरू होत होता. मामेभावाचा मुलगा कॉलेजातून आला, अंगणात मोटरसायकल बंद न करताच त्याने हाक मारली, "आजोबा, गाडी गोठ्यात लावू का?"

"लाव," मामा म्हणाले, "पण भिंतीकडनं घे. नानांची आधीच आहे तिथं."